वाचकांचे प्रश्न : मुलांचा व्हिडिओ नेमका कोण पाहतो?

गेल्या अंकात, सुट्टीत मुलांनी तयार केलेल्या व्हिडिओंविषयी एक टिपण आले होते. 'तुमच्या घरातले मूल असे व्हिडिओ सर्वांसाठी टाकत असेल, तर तुमचा अनुभव कळवा', असे आवाहन त्याच्या शेवटी होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत कौतुक आणि धास्ती एकाच परिच्छेदात आहेत. त्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत. त्याचे कारण दुसऱ्या उत्तरात येईल.

*माझी मुलगी पाचवीत आहे. आजी गेल्यावर तिने आजीच्या गोष्टी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगायला सुरुवात केली. माझ्या नावाने यूट्यूबवर चॅनल काढून आम्ही त्या टाकतो. एरवी एका गोष्टीला दीडदोनशे व्ह्यूज मिळतात. मे महिन्यात ती आणि तिची चुलत बहीण मळ्यातल्या टाकीत डुंबत होत्या, त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ टाकला, तर तीन आठवड्यांत चाळीस हजार झाले. यजमान म्हणतात, काढून टाक. मुलगी म्हणते, माझा सगळ्यांत गाजलेला व्हिडिओ का काढायचा? कमेंट वाईट नाहीत. काहींनी नुसते '२:१४', '३:०५' असे आकडे लिहिले आहेत, त्यांचा अर्थ मात्र लागला नाही. — एक आई, सांगली जिल्हा*

ताई, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ते आकडे म्हणजे व्हिडिओतली वेळ. कमेंटमध्ये मिनिट आणि सेकंद लिहिले की त्यांची आपोआप लिंक तयार होते आणि त्यावर बोट ठेवणारा थेट त्या क्षणाशी पोहोचतो. मैफलीच्या व्हिडिओखाली जाणकार 'ही तान ऐका' म्हणून हीच सोय वापरतात. पाण्यात खेळणाऱ्या मुलींच्या व्हिडिओखाली मात्र कोणी एक शब्दही न लिहिता नुसता आकडा ठेवून जातो, तेव्हा तो आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला तरी खूण करत असतो. त्या क्षणी काय दिसते ते मुलगी जवळ नसताना एकदा पाहा. तुम्हाला बहुधा काहीच वावगे दिसणार नाही. ज्याच्या मनात वावगे आहे, त्याला कोणतीही साधी हालचाल पुरते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नेमकी हीच गोष्ट जगापुढे आली. मुलांच्या निरागस व्हिडिओंखाली असे आकडे आणि सूचक शेरे कसे साठतात, आणि यूट्यूबची शिफारस यंत्रणा असा एक व्हिडिओ पाहणाऱ्याला लगेच त्याच जातीचा दुसरा कसा दाखवते, हे एका यूट्यूबरनेच दाखवून दिले. नेस्ले आणि डिस्नेसारख्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या, आणि महिना संपण्याच्या आत यूट्यूबने अल्पवयीन मुले दिसणाऱ्या बहुसंख्य व्हिडिओंवरील कमेंट बंद करण्याचे जाहीर केले. जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ब्राझीलमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. तिने आणि तिच्या मैत्रिणीने घरामागच्या पोहण्याच्या तलावात खेळतानाचा व्हिडिओ टाकला होता, आणि बघता बघता तो चार लाख वेळा पाहिला गेला. आईला आधी त्यात काही विशेष वाटले नाही, मग तो आकडा पाहून ती घाबरली. तुमचे पत्र वाचताना मला त्या आईची आठवण झाली, ती या साम्यामुळेच.

गोष्टींना दोनशे आणि टाकीतल्या खेळाला चाळीस हजार, हा फरक मुलीच्या कौशल्यातला नाही. कोण काय शेवटपर्यंत पाहतो, कुठे थांबतो, काय पुन्हा लावतो, एवढेच यंत्रणा मोजते आणि तशाच सवयीच्या माणसांपुढे तो व्हिडिओ सरकवते. त्या माणसांचा हेतू तिला कळत नाही.

आता करायचे काय, तर आधी त्या कमेंटचे आणि खात्यांच्या नावांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रत्येक कमेंटची तक्रार तिथल्याच 'रिपोर्ट'च्या सोयीतून नोंदवा, आणि मग तो व्हिडिओ 'प्रायव्हेट' करा. त्यानंतरचे काम अवघड आहे, कारण ते मुलीशी बोलण्याचे आहे. 'तू असे कपडे घालून का खेळलीस', 'आधीच सांगितले होते' यांतले एकही वाक्य तिच्या कानावर जाऊ देऊ नका. दहा वर्षांच्या मुलीने टाकीत डुंबावे, हे सर्वथा योग्य आहे. काही मोठी माणसे चांगल्या हेतूने पाहत नव्हती, म्हणून आपण दार लावून घेतले, इतके सांगितले तरी या वयाच्या मुलांना ते समजते. आपल्या गोष्टी आणि टाकीतला खेळ यांच्या आकड्यांतला फरक तिनेही पाहिलेला आहे आणि त्यातून ती काय शिकत आहे याची मला अधिक काळजी वाटते. गोष्ट सांगण्यापेक्षा नुसते दिसण्याला भाव आहे, हा धडा तिला इतक्या लवकर मिळायला नको.

गोष्टी बंद करू नका. त्या 'अनलिस्टेड' करून टाका, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतील. मावशी, आत्या, वर्गमैत्रिणी, आजीच्या भजनी मंडळातल्या बायका मिळून वीसपंचवीस जणांना लिंक पाठवा आणि त्यांना मुलीला फोन करून बोलायला सांगा. लिंक पुढे पाठवता येते, त्यामुळे ही काही तिजोरी नव्हे. पण अंगणाला कुंपण असावे तितका उपयोग होतो.

आणखी एका गोष्टीत पुष्कळांची गल्लत होते. व्हिडिओ चढवताना 'हा मुलांसाठी तयार केलेला आहे का' असे विचारले जाते. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले, त्या तडजोडीतून हा प्रश्न आला. 'होय' म्हटले की त्या व्हिडिओवर कमेंट बंद होतात आणि पाहणाऱ्याच्या सवयी हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही बंद होतात. मात्र हा प्रश्न पाहणाऱ्याच्या वयाविषयी आहे. व्हिडिओत मूल दिसते म्हणून तो आपोआप 'मुलांसाठी' ठरत नाही. तुमच्या मुलीच्या गोष्टी खरोखरच मुलांसाठी आहेत, तेव्हा तिथे 'होय' म्हणा. बाकी ठिकाणी कमेंट हाताने बंद कराव्या लागतील.

*धडगाव तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वर्गात तोंड न उघडणारी मुले कॅमेऱ्यासमोर पावरी बोलीत धिटाईने बोलतात, गाणी म्हणतात. हे व्हिडिओ मी माझ्या चॅनलवर टाकतो. पालक खूश आहेत. केंद्रातल्या एका सहकाऱ्याने मात्र 'परवानगी घेतलीस का' असे विचारले. तोंडी परवानगी पुरेशी आहे का? — एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा*

सर, आधी मनापासून अभिनंदन. ज्या मुलांच्या घरची भाषा पुस्तकात नाही, त्यांनी ती मोठ्याने बोलावी आणि मोबाईलवर स्वतःलाच ऐकावे, याचे मोल परवानगीच्या प्रश्नाने कमी होत नाही.

तरीही तुमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांविषयीची बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याचा रोख मोठ्या कंपन्यांवर असला, तरी मुलांचे चेहरे आणि नावे डिजिटल स्वरूपात हाताळणाऱ्या शाळेने आपण त्यात नाहीच असे धरून चालू नये. तेव्हा तोंडी परवानगीवर थांबू नका. व्हिडिओ कुठे दिसेल, कोणाला दिसेल आणि काढायला सांगितल्यावर तो किती दिवसांत काढला जाईल, हे साध्या मराठीत लिहा, गरज असेल तिथे पालकसभेत पावरीत वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. शिवाय मुलालाही विचारा. 'टाकू का?' या प्रश्नाला 'नको' असे उत्तर मिळण्याची सोय वर्गात खरोखर आहे का, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

आता नावांविषयी. मराठी शाळेत बोलायला उभे राहिलेले मूल काय म्हणते ते आठवा: "नमस्कार, माझे संपूर्ण नाव अमुक तमुक, मी इयत्ता चौथीत, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, अमुक गाव येथे शिकते." वक्तृत्व स्पर्धेत यालाही गुण असतात. टाळेबंदीच्या काळात शाळांनी कवितांचे व्हिडिओ मागवले, तेव्हा हजारो मुलांनी कॅमेऱ्यासमोर हेच म्हटले आणि त्यांतले कितीतरी व्हिडिओ अजून सर्वांसाठी खुले आहेत. सभागृहात समोर बसलेल्या परीक्षकांसाठी हा शिष्टाचार होता. अनोळखी माणसाच्या हाती मात्र पहिल्या दहा सेकंदांतच मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय आणि ती दहा ते पाच कुठे असते, हे सारे पडते. यात आमच्याकडेही बोट दाखवता येईल. मुलांचे चित्र किंवा कविता छापताना खाली नाव, इयत्ता, शाळा आणि गाव देण्याची रीत आपल्याकडच्या अनेक मासिकांनी वर्षानुवर्षे जपली आणि मुलांनी त्या ओळीसाठीच अंक जपून ठेवले. छापील अंक दोनचार हजार घरांत जाई आणि रद्दीत संपे. व्हिडिओला रद्दी नाही.

म्हणून तुमच्या मुलांना कॅमेऱ्यापुरता एक नवा शिष्टाचार शिकवा. पहिले नाव, नाहीतर मुलांनीच निवडलेले एखादे टोपणनाव सांगायचे आणि थेट गाण्याला हात घालायचा. मागे शाळेचा फलक नको, गणवेशावरचा बिल्ला नको, आणि वर्णनात गावाचे नाव नको. चॅनल तुमच्या व्यक्तिगत नावावर असेल, तर तुमची बदली झाल्यावर त्या व्हिडिओंचे काय होणार, हेही मुख्याध्यापकांशी बोलून आताच लिहून ठेवा.

*माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. मी नववीत आहे. आडवा धागा नेणारा धोटा का अडकतो, त्यातली सुताची कांडी कशी भरतात, यावर मी व्हिडिओ करतो. साडेसहाशे सबस्क्रायबर झाले आहेत. शाळेत सायबर गुन्ह्यांवर व्याख्यान झाल्यापासून आई म्हणते, चॅनल बंद कर. मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही का? एक दादा म्हणाला आहे की आपण मिळून व्हिडिओ करू. त्याने दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावले आहे. हे आईला अजून सांगितलेले नाही. — एक विद्यार्थी, इचलकरंजी*

तुला ते स्वातंत्र्य आहे. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला वयाची अट घातलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे तेरावे कलम तर खास मुलांच्याच अभिव्यक्तीविषयी आहे, आणि भारताने ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. त्याच संहितेतले सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाचे आहे. तुला आईपुढे तेरावे कलम ठेवायचे असेल तेव्हा सोळावेही वाचून दाखव. दोन्ही तुझीच आहेत.

पण आधी तुझ्या पत्रातली शेवटची दोन वाक्ये. तो दादा कदाचित खरोखरच मागाची आवड असलेला असेल. तरीही, उघड कमेंटमध्ये ओळख करून घ्यायची, काम फार आवडल्याचे सांगायचे आणि मग जिथे तिसरे कोणी पाहत नाही अशा ठिकाणी बोलवायचे, हाच क्रम मुलांना जाळ्यात ओढणारेही वापरतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून तुला ओळखता आले नाही तर त्यात तुझा कमीपणा नाही. त्याला लिही की जे बोलायचे ते इथेच बोलू आणि वडील सोबत असतील. खरा असेल तर त्याची हरकत नसेल. आणि आज रात्री आईला सांग. हे पत्रच दाखवलेस तरी चालेल.

तू पाठवलेले दोन व्हिडिओ मी पाहिले. कांडीचा व्हिडिओ मला अधिक आवडला, कारण त्यात चेहरा कुठेच नाही. फक्त तुझे हात, सुताचा धागा आणि तुझा आवाज आहे. पाहणाऱ्याला जे हवे ते सगळे त्यात आहे आणि तुझ्याविषयी जास्तीचे काहीच नाही. पुढचे व्हिडिओ असेच कर. दुसऱ्या व्हिडिओत मात्र माग चालू असताना तू मोबाईल धरून वाकला आहेस. धोटा उडून लागलेला माणूस तुझ्या वडिलांनी नक्की पाहिला असेल, त्यांना विचार. माग बंद करून दाखवलेस तरी समजते. शिवाय कारखान्याच्या मालकांना विचारल्याशिवाय आतले चित्रण करू नकोस, नाहीतर त्रास वडिलांना होईल.

कमाईचा विचार मनात असेल, तर ते खाते अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या नावावर लागते. थेट प्रक्षेपणासाठी यूट्यूबने जुलै २०२५ पासून किमान वय सोळा केले आहे. तुला दोन्हींची घाई नाही.

तुझ्या आईसाठीही चार ओळी लिहितो. वहिनी, चॅनल बंद केल्याने मुलगा सुरक्षित होईलच असे नाही. तो दुसऱ्या नावाने सुरू करेल आणि तेव्हा तुम्हाला कळणारही नाही. 'काहीही झाले तरी मोबाईल काढून घेणार नाही, आधी ऐकून घेईन' हे वचन कोणत्याही कुलपापेक्षा उपयोगी पडते, कारण धमकावणाऱ्याची सारी भिस्त मूल घरी सांगणार नाही यावरच असते. कोणी फोटो किंवा पैसे मागून धमकावले, तर पैसे देऊ नका आणि चॅट पुसू नका. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमानुसार ते पुढे पाठवणे हा गुन्हा आहे, आणि असे साहित्य नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मोबाईल घेऊन थेट पोलिसांकडे जा.

*मुलगा आणि सून मिळून कुटुंबाचे चॅनल चालवतात. चार वर्षांची नात त्याचा मुख्य आकर्षणबिंदू. कपड्यांच्या दुकानदाराकडून पैसे मिळतात. परवा ती रडत होती, तर 'थांब, तसेच पुन्हा रड, कॅमेरा लावते' असे ऐकले. मी बोललो तर 'बाबा, तुम्हाला यातले कळत नाही' असे उत्तर मिळाले. कायदा काही म्हणतो का? — एक आजोबा, डोंबिवली*

काका, तुम्हाला यातले चांगलेच कळते.

कायदा म्हणतो, पण अर्धवट. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला दृकश्राव्य मनोरंजनात कलाकार म्हणून काम करता येते, मात्र २०१७ च्या नियमांनी त्याला अटी घातल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाच्या मिळकतीतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात समाजमाध्यमेही धरली. पण हे सारे नियम स्टुडिओ, निर्माता आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. जिथे निर्माता म्हणजे वडील, कॅमेरा आईच्या हातात आणि स्टुडिओ म्हणजे तुमची बैठकीची खोली, तिथे पाच तास मोजणार कोण?

ही अडचण केवळ आपली नाही. बालकलाकारांची कमाई आईवडिलांनी संपवू नये म्हणून कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये कायदा केला, तो व्हिडिओंतल्या मुलांपर्यंत पोहोचायला २०२४ उजाडले. फ्रान्सने २०२० मध्येच सोळा वर्षांखालील मुलांच्या अशा व्हिडिओंसाठी कायदा करून कमाई राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि आपले चित्रण काढून टाकण्याची मागणी मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय करता येईल, अशी तरतूद केली. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या यूटा राज्यात रूबी फ्रँकी या सहा मुलांच्या आईचे चॅनल लाखो लोक आदर्श कुटुंब म्हणून पाहत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला मुलांच्या छळाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढच्या वर्षी शिक्षा झाली. तिची मोठी मुलगी शारी २०२४ मध्ये तिथल्या आमदारांपुढे उभी राहिली आणि कुटुंबाचे व्हिडिओ करण्याच्या या धंद्याविरुद्ध बोलली. पुढच्या वर्षी यूटाने कायदा केला. हे टोकाचे उदाहरण आहे. तुमच्या मुलासुनेला त्या पंक्तीत बसवू नका आणि त्यांच्यापुढे हे नावही काढू नका, नाहीतर बोलणे तिथेच संपेल.

बोलायचे असेल तर पैशांपासून सुरुवात करा. व्यवहाराची भाषा त्या घरात चालते असे दिसते. 'नातीच्या नावाने खाते उघडले का? वीस टक्के तरी टाका, मीही भर घालतो', असे म्हणा. त्या एका वाक्याने ती काम करते आहे, हे न भांडता मान्य होते, आणि एकदा ते मान्य झाले की कामाचे तास, सुट्टी आणि 'आज नको' म्हणण्याची मुभा या गोष्टी आपसूक चर्चेत येतात. रडण्याविषयी मात्र आडून बोलू नका. चार वर्षांच्या मुलाचे रडणे म्हणजे मोठ्यांना घातलेली हाक असते. त्या हाकेला उत्तर म्हणून कॅमेरा आला, तर काही दिवसांनी ते मूल हाक मारणेच सोडते, किंवा कॅमेऱ्यासाठीच रडायला शिकते. हे सुनेला एकटीला, शांतपणे सांगा. ती आई आहे. तिच्या मनात कुठेतरी हे आलेले असणार.

*ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाचेही बंद झाले. भारतानेही असे करावे का? — एक आई, मेलबर्न*

माझे मत विचाराल तर घाई करू नये. त्या कायद्याचा भार मुलांवर आणि पालकांवर नाही, कंपन्यांवर आहे आणि न पाळल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे, ही त्याची चांगली बाजू. आधी वगळलेले यूट्यूबही नंतर त्यात घेतले गेले. पण खाते नसले तरी लॉग-इन न करता तिथले व्हिडिओ पाहता येतात, आणि या स्तंभातल्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या पत्रांत खाते मुलाचे नाहीच, मोठ्यांचे आहे. तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलींचे नाच झाले असतील, तर ते कोणी टाकले आणि कोणाला विचारून टाकले, हे एकदा पाहा.

*२०१९ मध्ये मी तेरा वर्षांची असताना टिकटॉकवर विनोदी व्हिडिओ करत होते. जून २०२० मध्ये ते ॲप भारतात बंद झाले. पण मावशीने त्यातले काही तेव्हाच उतरवून घेऊन दुसऱ्या साइटवर आपल्या चॅनलवर टाकले होते. आता मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या मुलांना ते सापडले. मला ते नको आहेत. काय करू? — एक विद्यार्थिनी, पुणे*

तू तेव्हा केलेस त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि आता ते नकोसे वाटणे यातही काही चूक नाही. तेरा वर्षांच्या मुलीने दिलेला होकार विसाव्या वर्षी बांधून ठेवणारा नसावा, असे मला वाटते. आपल्या कायद्यात मात्र फ्रान्ससारखी सोपी वाट अजून नाही.

जे आहे ते असे. मावशींचा चॅनल यूट्यूबवर असेल, तर तिथे खासगीपणाच्या तक्रारीची स्वतंत्र सोय आहे. ज्या व्हिडिओत तू ओळखू येतेस, त्याची लिंक आणि तू कोणत्या मिनिटाला दिसतेस ते लिहून तक्रार करायची असते. तक्रार ग्राह्य वाटली तर व्हिडिओ टाकणाऱ्याला तो काढण्यासाठी अठ्ठेचाळीस तास देता येतात आणि त्यानंतर कंपनी स्वतः निर्णय घेते. इतर साइटवरही भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते आणि त्याला शुल्क नाही. कॉलेजातल्या कोणी त्या व्हिडिओंची मोडतोड करून अश्लील किंवा बनावट चित्र तयार केले असेल, तर ते प्रकरण वेगळे आणि अधिक गंभीर आहे. तेव्हा महाविद्यालयाच्या तक्रार समितीकडे आणि सायबर पोलिसांकडे त्याच दिवशी जा. गूगलच्या शोधातून अल्पवयीनांची छायाचित्रे काढून टाकण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती आज अठरा वर्षांखाली असलेल्यांसाठी आहे. दोनतीन वर्षांपूर्वी अर्ज केला असतास तर ती तुला लागू झाली असती.

यांतले काहीही करण्यापूर्वी मावशींना फोन कर. त्यांनी ते व्हिडिओ कौतुकाने जपले असणार आणि ते तुला बोचतात याची त्यांना कल्पनाही नसेल. कंपनीची नोटीस आधी गेली, तर पुढच्या लग्नकार्यात तोच विषय निघेल. त्यांना चॅनलवरून काढायला सांग, आणि हवे तर फाइल त्यांच्या मोबाईलमध्ये राहू दे.